पंख लावलेला डायनासोर

दिवाळी सरली की सोनिवलीतील इमारतींच्या आवारांत उभे राहिलेले मातीचे किल्ले हळूहळू ढासळू लागतात. बुरुजांच्या उतारावर पेरलेली मोहरी आणि हळीव पिवळी पडतात, तळ्याचे पाणी आटते आणि एखाद्या सकाळी झाडूच्या दोन फटकाऱ्यांत तटबंदी नाहीशी होते. मावळे मात्र टिकतात. जुन्या वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून, चपलांच्या रिकाम्या खोक्यात घालून ते माळ्यावर जातात आणि पुढच्या आश्विनाची वाट पाहतात. मराठी मुलखातील मुलांना लहान मूर्ती मांडून मोठा प्रसंग उभा करण्याची विद्या नव्याने शिकवावी लागत नाही. ती या खोक्यातून पिढ्यान्‌पिढ्या पुढे जात आली आहे.

अलीकडे याच विद्येला एक नवे वळण मिळाले आहे. शाळेतून, मित्रांकडून किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून एक परदेशी खेळ व्यापारी कुटुंबांतील मुलांपर्यंत पोहोचला आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे त्याचे नाव. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण कथा सांगतो, इतर जण त्या कथेतील पात्रे होतात आणि अवघड प्रसंगी वीस बाजूंचा फासा निर्णय देतो. पुढ्यात चौकटींचा पट असतो. त्यातील एक इंचाचा चौकोन म्हणजे पाच फूट जमीन असे मानले जाते. पटावर प्रत्येक पात्राची एक छोटी मूर्ती उभी राहते. मूर्तींवाचूनही हा खेळ खेळता येतो, कल्पनाशक्ती पुरेशी असते. परंतु गुहेचे दार उघडले आणि समोर खरोखरच पंख पसरलेला ड्रॅगन दिसला, तर टेबलाभोवती जी शांतता पसरते ती केवळ वर्णनाने पसरत नाही.

हट्ट सुरू होतो तो येथे. मुलाला ड्रॅगन हवा असतो आणि वडिलांना त्याची किंमत ऐकून आश्चर्य वाटते. चांगल्या कारागिरीच्या परदेशी मूर्ती मुळातच महाग, त्यात आयातशुल्काची भर. भारतात खेळण्यांवरील मूळ आयातशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेले आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. देशी उद्योगाच्या दृष्टीने या निर्णयाला कारणे होती, पण तळहातावर मावणाऱ्या सोंगटीसाठी एवढी रक्कम मोजणे दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला पटणे कठीण. “नाही” हा शब्द ओठांवर येतो. तो उच्चारण्यापूर्वी या खेळाच्या जन्माची हकीकत ऐकून घेणे उपयुक्त ठरेल, कारण ज्या घरात हा खेळ जन्मला त्या घरातही ड्रॅगन विकत घेतलेला नव्हता.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचे गाव आहे. तेथे राहणारे गॅरी गायगॅक्स हे विमा कंपनीत नोकरी करीत. १९७० मध्ये ती नोकरी सुटली आणि संसार चालवण्यासाठी ते घरी जोडे दुरुस्त करू लागले. शिशाच्या आणि प्लास्टिकच्या सैनिकांनी मध्ययुगीन लढाया खेळण्याचा त्यांना नाद होता. १९७१ मध्ये जेफ पेरेन यांच्यासह त्यांनी ‘चेनमेल’ हे नियमपुस्तक प्रसिद्ध केले आणि त्याच्या पुरवणीत मांत्रिक, राक्षस आणि ड्रॅगन यांना जागा दिली. नियम तयार झाले, पण पटावर ठेवण्यासाठी ड्रॅगन कोठून आणायचा? तशा मूर्ती त्या काळी बाजारात सहज मिळत नव्हत्या. गायगॅक्स यांनी स्वस्त खेळण्यांतील एक स्टेगोसॉरस, म्हणजे पाठीवर तकट्यांची रांग असलेला डायनासोर, घेतला आणि त्याचे रूप पालटून त्याचा ड्रॅगन केला. पुढे डेव्ह आर्नेसन यांच्या सहकार्याने त्यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ सिद्ध केला. १९७४ च्या जानेवारीत त्याची पहिली आवृत्ती निघाली, अवघ्या एक हजार प्रतींची.

याच घरातील दुसरी गोष्ट अधिक मनोरंजक आहे. त्या काळी हाँगकाँगमध्ये तयार झालेल्या प्लास्टिकच्या प्राण्यांच्या पिशव्या अमेरिकेतील स्वस्त दुकानांत मिळत. पिशवीवर ‘प्रागैतिहासिक प्राणी’ असे काहीसे लिहिलेले असे, पण आतील काही आकृत्या कोणत्याही काळातील कोणत्याही प्राण्याशी जुळत नसत. साच्याच्या कारागिराने मनाला येईल ते घडवलेले असे. गायगॅक्स आणि त्यांच्या मित्रांनी त्या विचित्र खेळण्यांनाच नावे दिली, स्वभाव दिले. लोखंडाचा गंज करून खाणारा ‘रस्ट मॉन्स्टर’, घुबडाचे तोंड आणि अस्वलाचे शरीर असलेला ‘आऊलबेअर’, जमिनीखालून पोहत येणारा ‘ब्यूलेट’, हे तिघेही त्या पिशवीतून बाहेर आले. आज जगभरच्या खेळाडूंना ते परिचित आहेत आणि त्यांच्या महागड्या मूर्ती विकल्या जातात. मुलाला हवी असलेली महाग वस्तू म्हणजे, एका अर्थी, स्वस्त खेळण्याची सुधारलेली प्रत आहे. हे कळल्यावर मूळ मालाकडे वळण्यात कमीपणा उरत नाही.

मूळ माल शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. बदलापूरहून गाडी पकडली की अंबरनाथनंतर उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीतून हे नगर वसले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. हातात भांडवल नसलेल्या माणसांनी जे उपलब्ध आहे त्यातून विकण्याजोगे काही घडवायचे, ही त्या बाजाराची जन्मखूण आहे. कोणत्याही बाजारपेठेतील खेळण्यांच्या दुकानात किंवा स्टेशनाबाहेरच्या फेरीवाल्याकडे डायनासोरांची पिशवी मिळते. रंग भडक, डोळे जागा चुकलेले, पोटावर साच्याची रेघ. घेताना रंगाकडे पाहू नये, तो जाणारच आहे. मानेचा बाक, पायांची ठेवण आणि अंगावरील खवल्यांची खोली पाहावी. खवले खोल असतील तर अर्धे काम साच्याने आधीच केले आहे असे समजावे. घरात लहान भावंड असेल तर मात्र खेळण्यावर आयएसआय चिन्ह आहे की नाही हे अवश्य पाहावे. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना ते बंधनकारक आहे.

विकत घेण्यापूर्वी एक हिशेब करावा, तो पैशांचा नव्हे तर मापाचा. एक इंच म्हणजे पाच फूट, याचा अर्थ पटावरील सृष्टी खऱ्याच्या एक साठांश आहे. पंधरा सेंटिमीटर लांबीचा डायनासोर त्या सृष्टीत नऊ मीटरचा, म्हणजे जवळजवळ तीस फुटांचा होतो. पुढ्यातील तीन सेंटिमीटरच्या योद्ध्याला तो डोंगरासारखा वाटेल. तोच डायनासोर दिवाळीच्या किल्ल्यावर नेला तर? साडेसात सेंटिमीटरचा मावळा खऱ्या माणसाच्या सुमारे एक बावीसांश असतो. त्याच्या शेजारी हाच डायनासोर जेमतेम सव्वातीन मीटरचा ठरतो, एखाद्या दांडग्या रेड्याएवढा. खेळणे बदललेले नाही, शेजारी बदलला आहे. किल्ल्यावर वाघ बुरुजाहून मोठा आणि तोफ बैलाहून लहान दिसते तीही याच कारणाने. मोठेपणा वस्तूत नसून तुलनेत असतो, हे मुलाला एका पट्टीच्या साहाय्याने उमगते. खेळाच्या नियमांतही ड्रॅगनाच्या वयानुसार जागा ठरलेली आहे. तरुण ड्रॅगन दोन बाय दोन चौकोन व्यापतो, प्रौढ तीन बाय तीन आणि अतिवृद्ध चार बाय चार. म्हणजे मूर्तीचा तळ अनुक्रमे पाच, साडेसात आणि दहा सेंटिमीटरच्या आसपास हवा.

आता प्रत्यक्ष काम. प्रथम कोमट पाण्यात साबण घालून खेळणे जुन्या दातांच्या ब्रशने घासावे. साच्यातून सहज सुटावे म्हणून लावलेला तेलकट थर त्यावर असू शकतो आणि त्या थरावर रंग धरत नाही. त्याच पाण्यात एक परीक्षा उरकून घ्यावी. भरीव खेळणे पाण्यात बुडाले तर ते बहुधा पीव्हीसी किंवा पॉलिस्टायरीनचे असते, त्यावर गोंद आणि रंग बऱ्यापैकी बसतात. तरंगले तर ते पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या जातीचे. त्या मेणचट पृष्ठभागावर फेव्हिक्विकही टिकत नाही आणि रंगाचे पापुद्रे निघतात. पोकळ खेळण्याची ही परीक्षा फसते, कारण आतील हवाच त्याला तरंगवते. त्याचा एखादा कापलेला तुकडा पाण्यात टाकून पाहावा. बुडणारे खेळणे निवडावे, हा या व्यवहारातील पहिला आणि थोडा विनोदी नियम.

मऊ पीव्हीसीची मान किंवा शेपटी हवी तशी वळवता येते. वाफाळत्या पाण्यात ती मिनिटभर धरावी, हवा तो बाक द्यावा आणि लगेच थंड पाण्यात बुडवावी. हे काम मोठ्या माणसाने चिमट्याने करावे. मेणबत्ती किंवा लायटर यांचा उपयोग कधीही करू नये. पीव्हीसी जळला की त्यातून हायड्रोजन क्लोराईडचा दाहक वायू निघतो आणि तो फुप्फुसांना घातक असतो. पोटावरील साच्याची रेघ कटरच्या पात्याने, आपल्यापासून दूर खरडत, काढून टाकावी.

पंख हा सर्वांत आनंदाचा भाग. वटवाघळाचा पंख हातात धरून पाहणे शक्य नसले तरी त्याचे चित्र जवळ ठेवावे, कारण तो पंख म्हणजे मुळात लांब बोटांचा हात आहे. बारीक तारेच्या चार-पाच काड्या एका टोकाशी पिळून बांधाव्यात आणि पंख्याच्या काड्यांप्रमाणे पसराव्यात. त्यांवर पातळ कागदाचे दोन थर पाणी घातलेल्या फेव्हिकॉलने चिकटवावेत. वाळताना कागद आक्रसतो, काड्यांमध्ये ताणला जातो आणि कातडीचा भास आपोआप निर्माण होतो. खेळण्याच्या खांद्यात दाभणाने भोक पाडून तारेचे टोक आत खोल खुपसावे. नुसत्या गोंदावर भिस्त ठेवली तर पंख पहिल्याच आठवड्यात निखळतो. नंतर एम-सीलच्या दोन वड्या सारख्या प्रमाणात मळून सांध्याभोवती लावाव्यात. घट्ट होण्यापूर्वी हाताशी थोडा वेळ असतो. तेवढ्यात ओल्या टाचणीने खवले कोरता येतात, शिंगे आणि भुवया उभ्या करता येतात. डायनासोराचा ड्रॅगन होतो तो मुख्यतः भुवयांमुळे. कपाळावर दोन तिरके उंचवटे आले की ज्या चेहऱ्यावर केवळ भूक होती त्यावर विचार दिसू लागतो.

रंग पाण्यात विरघळणारे ॲक्रिलिक असावेत. काही फवाऱ्याचे रंग मऊ पीव्हीसीवर कायम चिकट राहतात, म्हणून आधी पोटाखाली छोटासा ठिपका देऊन एक दिवस थांबावे. प्रथम गडद रंगाचा पातळ थर, तो वाळल्यावर मूळ रंग, मग पुष्कळ पाणी घातलेला तपकिरी रंग. तो खवल्यांच्या खाचांत उतरतो आणि सावली देतो. शेवटी ब्रश जवळजवळ कोरडा करून फिकट रंग खवल्यांच्या टोकांवरून हलकेच फिरवावा. या एका कृतीने दहा रुपयांच्या वस्तूला शंभर रुपयांची कळा येते. जाड पुठ्ठ्याच्या चकतीवर फेव्हिकॉल लावून चाळलेली माती शिंपडली की तळ तयार. दिवाळीच्या किल्ल्याची उरलेली माती त्यासाठी उत्तम. घासकाम करताना नाकावर रुमाल किंवा मास्क असावा, एम-सील मळताना हातमोजे असावेत आणि कामाचे ताट स्वयंपाकघरातील नसावे.

व्यापारी घरात जमाखर्चावाचून गोष्ट पुरी होत नाही. समजा, १२० रुपयांच्या पिशवीत बारा प्राणी आले, त्यांपैकी तीनच उपयोगी निघाले. मग एका ड्रॅगनाचा कच्चा माल दहा रुपयांचा नव्हे, तर चाळीस रुपयांचा. एम-सील, तार, कागद आणि रंग यांचा वाटा निराळा. ब्रश एकदाच घ्यायचा, म्हणून त्याचा खर्च पुढील सर्व मूर्तींवर वाटायचा. सात-आठ संध्याकाळचे श्रम कोणत्या खात्यात मांडायचे? मुलाने हा हिशेब स्वतः लिहिला तर नासधूस, वाटून घ्यायचा खर्च आणि श्रमाचे मोल या तीन गोष्टी तो दुकानात पाऊल टाकण्यापूर्वीच शिकेल. उरलेले नऊ प्राणी धाकट्या भावंडाला द्यावेत. ते त्याच्यासाठी अजूनही पूर्ण डायनासोर आहेत.

येथपर्यंत सर्व ठीक चालते आणि मग आजींची नजर टेबलावर जाते. प्राण्याची मान कापून दुसऱ्याच्या धडाला लावलेली, कटर बाजूला पडलेला. “हे काय चालवलंस?” एवढाच प्रश्न, पण त्यामागे हजार वर्षांहून जुनी कथा उभी असते. उज्जयिनीचा राजा यशोधर जिवंत प्राण्याचा बळी देण्यास नकार देतो आणि मातेच्या आग्रहाखातर पिठाच्या कोंबड्यावर शस्त्र चालवतो. रक्ताचा थेंबही सांडत नाही. तरीही त्या संकल्पाचे फळ म्हणून मातापुत्रांना मोर, श्वान अशा योनींतून जन्मोजन्मी वेदना भोगाव्या लागतात. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये ‘यशस्तिलक’ पूर्ण केले ते याच कथेवर, आणि पुष्पदंतांचे ‘जसहरचरिउ’ही हीच कथा अपभ्रंशात सांगते. पीठ मारले गेले नाही, पण मारण्याचा भाव पूर्ण होता. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत प्राण्यांचे अवयव छेदण्याचे निर्लांछनकर्म आहे, हेही आजींना ठाऊक असते. प्लास्टिकला जीव नाही, या उत्तराने त्यांचे समाधान होणार नाही, आणि होऊही नये. पिठालाही जीव नव्हता.

परंतु कथेने दिलेली कसोटी दोन्ही बाजूंनी लावली पाहिजे. भाव निर्णायक असेल तर मान कापणाऱ्या मुलाचा भाव कोणता, हे विचारावे लागेल. तो मारीत नाही, घडवतो आहे. टाकाऊ ठरणाऱ्या वस्तूला त्याने आकार दिला, हट्टाच्या जागी श्रम ठेवले आणि नव्या खरेदीवाचून निभावले. खरा प्रश्न कापण्याचा नसून त्यानंतरच्या खेळाचा आहे. पटावर त्या ड्रॅगनाचे काय होणार? दर शनिवारी त्याला भाल्याने भोसकून टाळ्या पिटल्या जाणार असतील, तर आजींची शंका पोकळ नाही.

या ठिकाणी खेळाचे नियम अनपेक्षित साहाय्य करतात. १९७४ च्या मूळ नियमांतही ड्रॅगनाला ठार न करता वश करण्याची मुभा होती. वश झालेला ड्रॅगन बाजारात विकताही येई. प्राण्यांचा व्यापार हे केशवाणिज्य म्हणून श्रावकाला वर्ज्य आहे आणि ड्रॅगनाला केस नसतात ही पळवाट आजी मान्य करणार नाहीत, तेव्हा ती कलमे सोडून द्यावीत. पण ड्रॅगन बोलतो, विचार करतो, कोडी घालतो, करार करतो, हे या खेळात प्रारंभापासून आहे. सोनेरी, रुपेरी, तांबूस अशा धातूच्या रंगांचे ड्रॅगन तर स्वभावतःच सज्जन मानले आहेत. कथा सांगणारा मुलगा ठरवील तर गुहेतील भेट ही लढाई न राहता वाटाघाट होते, आणि वाटाघाट व्यापारी घरातील मुलाला कोणी शिकवावी लागत नाही. खेळातून आचार शिकवण्याची कल्पना या समाजाला नवीनही नाही. जैन परंपरेतील ज्ञानबाजीचे पट प्रसिद्धच आहेत. बहुधा चौऱ्याऐंशी घरांच्या त्या पटावर दुर्गुणांचे सर्प खाली ओढतात, सद्गुण वर नेतात आणि माथ्यावर सिद्धशिला असते. त्या पटावर कोणीही सर्प मारीत नाही. त्याच्या तोंडी पडू नये, एवढाच प्रयत्न असतो.

म्हणून पालकांनी एकदा तरी त्या टेबलापाशी बसावे. बंदी घालण्यासाठी नव्हे आणि कौतुकापुरतेही नव्हे, तर एक पात्र घेऊन खेळण्यासाठी. आजींना बसवता आले तर अधिक बरे. मुरूड-जंजिऱ्याच्या दरवाजावर हत्तींना पायांत धरलेला शरभ कोरलेला आहे, मध्ययुगीन मंदिरांच्या खांबांवर व्याल आणि मकर आहेत. आपल्याकडील या अद्भुत प्राण्यांची ओळख आजींकडून झाली तर पुढचा ड्रॅगन कदाचित परदेशी पुस्तकासारखा दिसणार नाही. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० च्या सुमाराचे आहे. सोनिवलीहून एका सकाळी जाऊन येण्याजोगे. वही आणि पेन्सिल घेऊन तेथे तासभर भिंतीसमोर उभे राहिले, तर कारागिराने एका प्राण्याचे अंग दुसऱ्याला कसे जोडले हे मुलाला कोणत्याही चित्रफितीपेक्षा चांगले समजेल.

आणखी एक गोष्ट त्या टेबलावर पाहायला मिळेल. विकत आणलेला ड्रॅगन मुले निःशंकपणे मारतात. ज्याचे पंख दोनदा निखळले, ज्याच्या भुवया तीन वेळा पुसून पुन्हा कोरल्या, त्याच्यावर फासा टाकताना मात्र हात किंचित थांबतो. “आधी त्याच्याशी बोलून पाहू,” असे ज्याने तो घडवला तोच बहुधा म्हणतो. खेळ संपल्यावर तो ड्रॅगन वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळला जातो, पंखांना धक्का लागू नये म्हणून वरून थोडा कापूस, आणि मावळ्यांच्याच खोक्यात, त्यांच्या शेजारी ठेवला जातो.